तीन रेघांची खूण

गेल्या आठवड्यात उम्म सालेमने परातभर फगा माझ्या दारात आणून ठेवला, आणि ती माझ्या दोरीने बांधलेल्या ट्रंकेवर बसली.

फगा म्हणजे इथल्या, कुवेतच्या, वाळवंटातलं अळंबं. आपल्या अळंब्याला देठ असतो, डोक्यावर छत्री असते. याला दोन्ही नाही. ते जमिनीच्या पोटातच वाढतं. बटाट्यासारखं गोल, मातीच्या रंगाचं, आणि मातीने इतकं माखलेलं की तीन पाण्यांनी धुतलं तरी वाळू उरतेच. शेवटी दाताखाली येते. वास मात्र आपल्या अळंब्याच्या जवळचा. आमच्या खाडीकाठच्या गोठ्यामागे भिजलेल्या पेंढ्याला यायचा, तसा.

अरबीत त्याला आणखी एक नाव आहे, बनात अर-रअद. गडगडाटाच्या लेकी. हिवाळ्याच्या तोंडाला ढग गडगडले, वीज चमकली, तर त्या वर्षी वसंतात त्या जमिनीत सापडतात. नुसता पाऊस पडून भागत नाही, असं उम्म सालेम म्हणते. हाक ऐकू यावी लागते.

या वर्षी गडगडलं होतं. मी पांढऱ्या कपड्यांत याच खोलीत बसून ते ऐकलं होतं. खजूर पिकतो त्या दिवसांत माझे यजमान गेले. इद्दतीचे, नवऱ्यामागे बाईने घरात बसून पाळायचे, चार महिने दहा दिवस संपले, भावाचं पत्र आलं, मुंबईच्या बोटीचं तिकीट आलं. सामान असं फारसं नव्हतंच. एक ट्रंक, दोन वळकट्या, कागदांची एक पिशवी.

"पंधरा दिवस राहिले?" उम्म सालेमने विचारलं.

"बारा."

"मग हे खाऊन जा. तिकडे मिळणार नाही." मग म्हणाली, "आणि या बिन्ती, ते दुसरं? ते तसंच टाकून जाणार?"

या बिन्ती म्हणजे माझ्या पोरी. आम्ही भाड्याने राहत होतो ते घर तिचं. गेली अकरा वर्षं मी तिची बिन्ती आहे. तिने काय विचारलं ते मला कळलं, म्हणून मी फग्यावरची माती झाडू लागले.

माझी लेक जैनब, आमची जैनू, इथल्या मातीत आहे. कुठे आहे, ते मला माहीत नव्हतं. ते एकट्या ह्यांना माहीत होतं.

*

आम्ही दोघं मिळून एक वाचणारं माणूस होतो, असं मी गमतीने म्हणत असे.

मी मराठी शाळेत सातवी झाले, ट्रेनिंग केलं, लग्नाआधी चार वर्षं गावात मुलींना शिकवलं. इंग्रजीही कामापुरती यायची. हे म्हणजे तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, मुलगा. शाळेत दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात होडीवर. सही करायचे, ती मी शिकवलेली. पण कुवेतच्या बंदरावर विंच चालवता चालवता अरबी असं बोलायला लागले की हमालसुद्धा त्यांना विचारायचे, तू बसऱ्याचा का?

मला अरबी अक्षरं लहानपणापासून वाचता येत होती, कारण कुराण सगळ्याच मुलींना शिकवत. वाचता यायचं, कळत नव्हतं. त्यामुळे आम्ही बाजारात निघालो की मी पाट्या मोठ्याने वाचायची आणि हे त्यांचा अर्थ सांगायचे. आणि अरबी म्हटलं की माझा सूर आपोआप तिलावतीचा, कुराण पढण्याचा, व्हायचा. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसली. मी थांबून, जिथे आवाज लांबवायचा तिथे लांबवून, नीट घशातून वाचली, "ममनूऽऽअ अल-वुकूऽऽफ." ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, भक्तीने घातली. मग खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"मास्तरणी, इथं गाडी उभी करू नये म्हंतंय गो. पन तू अशी म्हटलंस, मना वाटला आता रडू येतंय."

त्यानंतर घरात कुणी वाटेत उभं राहिलं की आम्ही एकमेकांना म्हणायचो, ममनूऽऽअ. जैनूसुद्धा म्हणायची. तिला "म्नू" एवढंच जमायचं. दोन्ही हात पसरून दारात उभी राहायची आणि बापाला म्हणायची, "म्नू." बापाने मग बाहेरच थांबायचं, ती हसेपर्यंत.

तिचं खेळणं म्हणजे एक बोया. हे गावाहून निघाले तेव्हा ट्रंकेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणलेला, जाळ्याला बांधतात तसला, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा. मधे दोरी ओवायला भोक, पाठीवर त्यांच्या घराण्याची खूण: माशाच्या शेपटीसारख्या दोन तिरक्या रेघा आणि वरून एक आडवी. गावात प्रत्येक होडीवाल्या घराची अशी खूण असते. ट्रंकेच्या झाकणावरही ह्यांनी ती खिळ्याने कोरली होती. लग्नानंतर मी त्याच झाकणावर पांढऱ्या रंगाने ह्यांचं नाव काढलं, देवनागरीत आणि इंग्रजीत, आणि जरा मागे सरून पाहिलं. "आता कशी दिसते ट्रंक," असं काहीतरी मी म्हणाले. ते तीन ओरखडे नावाच्या डाव्या बाजूला राहून गेले. त्यांच्यावरून रंग फिरवायचं माझ्या मनात होतं, पण रंग संपला.

बोयाच्या भोकात सुतळी ओवून जैनू तो अंगणभर ओढत न्यायची. फरशीवर त्याचा खडखडाट व्हायचा. दुपारी झोपमोड झाली की उम्म सालेम खिडकीतून ओरडायची, "पोरीची बोट आली वाटतं बंदराला!"

*

कुवेत स्वतंत्र झालं त्याच्या पुढच्या वर्षीचा वसंत. तेव्हाही गडगडलं होतं आणि फगा भरपूर आला होता.

तीन दिवसांच्या तापात जैनब गेली. दवाखान्यातून आणलं तेव्हा सकाळ होती, जोहरच्या, दुपारच्या, नमाजाआधी सगळं आटोपलं. आमच्यात बायका मातीला जात नाहीत. गावाकडचे तीन जण आणि हे, असे चौघे तिला घेऊन गेले. एवढ्याशा पोरीला चौघे कशाला, असा एक वेडा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला होता, तो अजून येतो.

परत आल्यावर हे हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले.

"कुठे?" मी विचारलं.

"बारक्या पोरांच्या बाजूला. भिंतीच्या हयसून."

"ओळखू कशी येईल?"

"खूण केलीय."

इथल्या कबरींवर नावं नसतात. मातीचा उंचवटा, उशाला एखादा दगड, बस. ते चांगलंच आहे, मेल्यावर सगळे सारखे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी मास्तरीण. माझ्या वर्गात मुलगी आली की पहिल्या दिवशी मी तिचं नाव पाटीवर काढून तिच्या हातात द्यायची. आणि माझ्या मुलीचं नाव कुठेच लिहिलं गेलं नव्हतं; शाळेच्या हजेरीतसुद्धा नाही, वयच नव्हतं. मी म्हटलं, आणि आवाज चढवून नाही, अगदी सावकाश म्हटलं:

"तुम्हाला चार अक्षरं येत असती, तर निदान माझ्या लेकीचं नाव तरी असतं तिथे."

हे उठून ओट्यावर जाऊन बसले. खूण कसली, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी विचारता आलं नाही. पुढे तर विचारायचं म्हणजे ते वाक्य पुन्हा दोघांच्या मधे आणून ठेवायचं. असं करत सहा वर्षं गेली. बोयाही त्याच दिवसांत दिसेनासा झाला. माझ्या नजरेला पडू नये म्हणून ह्यांनी तो कुठेतरी टाकून दिला असणार, असं मी धरून चालले, आणि त्याचाही राग मनात ठेवला.

*

हे मात्र पूर्वीसारखंच मला छापलेलं काहीही आणून देत राहिले. माझी वाचनाची भूक त्यांना माहीत होती. डब्यावरची लेबलं, खोक्यातले वर्तमानपत्रांचे बोळे, बोटीवरच्या माणसांनी टाकलेली मासिकं. त्या वसंतात चिनी मातीची भांडी घेऊन एक जहाज लागलं होतं. त्याच्या खलाशाकडून ह्यांनी एक जाडसर, गुळगुळीत कागदाचं इंग्रजी चित्रमासिक मागून आणलं. आत काय आहे ते ह्यांना माहीत असणं शक्य नव्हतं.

"बघ, मडकी हायत," एवढंच म्हणाले.

जुम्म्याची दुपार होती. कितीतरी दिवसांनी मी काहीतरी वाचायला घेतलं आणि जुन्या सवयीने मोठ्याने, मराठी करत, वाचू लागले. हे समोर भिंतीला टेकून जाळं विणल्यासारखी बोटं हलवत ऐकत होते.

चीनमध्ये एका नदीकाठी पानपो नावाचं फार जुनं गाव जमिनीखाली सापडलं होतं. इतकं जुनं की तेव्हा राजे नव्हते. अर्धी जमिनीत उतरलेली घरं, गावाभोवती खंदक, धान्याची पेवं, आणि तांबडी मडकी. त्यांवर काळ्या रंगाने मासे काढलेले. एका परातीत माणसाचा गोल चेहरा होता आणि त्याच्या दोन्ही कानांशी एकेक मासा, जणू काही सांगत असल्यासारखा.

"कोळीच ते," हे म्हणाले. "आपल्यातलेच कोनतरी."

मोठी माणसं मेली की त्यांना खंदकापलीकडे पुरत. लहान मुलांना मात्र खंदकाबाहेर नेत नसत. मोठ्या मडक्यात ठेवून, वर अशी परात झाकण म्हणून घालून, घराशेजारीच पुरत. आणि त्या झाकणाला मधोमध एक भोक पाडलेलं असे. मुलाच्या जिवाला आत-बाहेर करता यावं म्हणून असावं, असं मासिकात लिहिलं होतं.

हे वाक्य मी मराठीत करायला नको होतं. पण ते तोंडातून निघून गेलं होतं. जाळं विणणारी बोटं थांबली.

"भोक ठेवलेंनी ना?" हे म्हणाले. "शहानी मानसां."

मी घाईने पान उलटलं. तिथे हाडांची चित्रं होती, या गावानंतरच्या, राजांच्या काळातली. कासवाच्या पोटाचं कवच, बैलाच्या खांद्याचं हाड. त्यावर प्रश्न कोरत. पाऊस पडेल का? राणीचं बाळंतपण सुखरूप होईल का? दात का दुखतोय? मग हाडाला विस्तवाचा चटका देत, हाड तडकलं की तडा कसा गेला ते पाहून उत्तर ठरवत. ती चीनमधली फार जुनी अक्षरं. पुढे हजारो वर्षांनी शेतकऱ्यांना नांगरताना ही हाडं सापडू लागली, तेव्हा ती औषधाच्या दुकानात गेली. लोक ती कुटून पूड करून तापावर, जखमेवर घेत. किती प्रश्न लोकांनी असे गिळून टाकले असतील, कुणास ठाऊक.

"लिवलेलां गिळून ताप जातो काय गो?"

"नाही जात."

"आपन पन पाजलाच ना जैनूला."

खरं होतं. तापाच्या दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांकडून केशराने कुराणाची आयत लिहिलेली रकाबी आणली होती. ती पाण्याने धुऊन ते पाणी चमच्याने तिला पाजलं होतं. तिने तोंड वेडंवाकडं केलं होतं. घरी तिचं नाव ती गेल्यानंतर पहिल्यांदाच असं मोठ्याने घेतलं गेलं.

मग मी शेवटचं पान वाचलं, तेवढंच राहिलं होतं म्हणून. पानपोच्या मडक्यांच्या काठांवर काही रेघा ओढलेल्या सापडल्या आहेत. एक उभी, दोन तिरक्या, एखादी फुली. ही अक्षरांची सुरुवात म्हणायची, की कुंभाराने आपलं मडकं ओळखू यावं म्हणून केलेली नुसती खूण, याबद्दल विद्वानांचं एकमत नाही.

हे पुढे सरकले. मासिक हातात घेऊन त्या रेघांवर त्यांनी अंगठा फिरवला. "ह्यां तर आपल्या बोयांवर आसतां, तसां."

"तसं नाही," मी म्हटलं. वर्गात म्हणायची त्याच सुरात. "बोयावरच्या रेघा म्हणजे काही लिहिणं नव्हे. लिहिणं म्हणजे ज्याला आवाज असतो. वाचता आलं पाहिजे."

"वाचतात की. जाळां तुटून बोया वाहत गेला, परक्या गावात लागला, तर थयला मानूस बघतो नि आनून देतो. वाचल्याबिगर देतो?"

मी मासिक मिटून कागदांच्या पिशवीत ठेवलं. आता वाटतं, त्या वेळी ह्यांनी किती जवळ येऊन दार वाजवलं होतं. मी आतून व्याकरण सांगत बसले.

*

पुढच्याच आठवड्यात उम्म सालेमने आम्हाला बळेच गाडीत घातलं. तिच्या पुतण्याची मागे उघडी असलेली गाडी, सुलैबियाच्या पलीकडचं वाळवंट, आणि त्यावर आठ दिवसांपुरतं उगवलेलं पोपटी गवत. घरात बसून डोळे आंधळे करून घेशील, असं ती मला म्हणाली होती.

फगा शोधायला खणावं लागत नाही, वाचावं लागतं. जमिनीत तो फुगतो तेव्हा वरची पापुद्र्यासारखी माती किंचित उचलली जाते आणि तिला बारीक तडे जातात, चांदणीसारखे. तो तडा दिसला की बोटाने माती बाजूला करायची. ह्यांना एकामागून एक सापडत होते. मला एकही नाही.

"लांब काय बघतेस?" उम्म सालेम कमरेवर हात ठेवून ओरडली. "तो काय उंटावरून येणार आहे? पायाशी बघ! जमीन स्वतः सांगते, तुला ऐकायलाच नको!"

मला त्या मासिकातली हाडं आठवत होती. प्रत्येक तड्यापाशी माझा एकच प्रश्न होता, माझी पोर वाचेल का, आणि तो ताप येण्याआधी विचारायला हवा होता.

त्यानंतर दर वसंतात हे एका जुम्म्याला एकटेच फगा आणायला जायचे. सकाळी निघायचे, जोहरनंतर परत यायचे. आणायचे मात्र जेमतेम चार-पाच. पहिल्या वर्षी टोपलीभर काढणारा माणूस. मी चिडवायची, "नजर गेली वाटतं तांडेलाच्या मुलाची?"

"मेलां मिळत नाय आताशा," म्हणायचे, आणि नखांतली माती काढत बसायचे.

*

फगा घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या सुमाराला, उम्म सालेम अबाया पांघरून पुन्हा दारात. "चल, कब्रस्तानात. पुतण्या गाडी घेऊन आलाय. बायकांनी जाऊ नये म्हणणारे सगळे या वेळी कामावर आहेत."

मातीला गेलेल्या त्या तिघांपैकी दोघे कधीच गावी परतले. तिसऱ्याला मी इद्दत संपल्यावर विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, "वैनी, भिंतीपासून दुसरी का तिसरी रांग होती. आता तर किती रांगा झाल्यात." तेवढ्या आधारावर मी निघाले. पिशवीत पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि कुंचला घेतला. सापडली, तर नाव लिहायचं. अरबीत लिहिलं तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, असं मी ठरवलं होतं.

आधी ह्यांच्याकडे गेलो. त्यांची माती अजून ताजी दिसते. तिथे फार वेळ थांबवेना. मग भिंतीच्या बाजूला.

लहान मुलांच्या कबरी इतक्या लहान असतात आणि इतक्या एकसारख्या. दुसरी रांग झाली, तिसरी झाली. दगड, दगड, कुठे समुद्रातला शिंपला. मी दगडांवर काही लिहिलंय का ते पाहत होते. सवयच तशी, डोळे अक्षरांकडे जातात. वारा सुटला होता. चौथ्या रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा मी रडायला लागले. मला वाटलं, आता बोटीत बसायचं आणि हे ओझं असंच घेऊन जायचं.

"पायाशी बघ," मागून उम्म सालेम म्हणाली. तिला बहुधा एवढंच म्हणायचं होतं की ठेच लागेल.

मी खाली पाहिलं.

उन्हाने पांढरं पडलेलं, वाळूत अर्धं रुतवलेलं लाकूड होतं. बसून मी बोटांनी माती बाजूला केली. मधे भोक. भोकात कुजलेल्या सुतळीची एक गाठ. आणि पाठीवर दोन तिरक्या रेघा, वरून एक आडवी.

वाळूच्या वाऱ्याने इथे दगडावरचीसुद्धा रेघ वर्षाभरात बुजते. ही बुजली नव्हती. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं, प्रत्येक रेघ एक नव्हती. जुन्या रेघेवरून नवी काढलेली, किंचित बाजूला सरकलेली. तिच्यावरून पुन्हा एक. मुलं पाटीवरचं अक्षर गिरवतात तशी. मी मोजायला गेले नाही. सहा वसंतांतले ते सहा जुम्मे होते, आणि त्या चार-पाच फग्यांची मी केलेली थट्टा.

रंगाचा डबा मी उघडला नाही.

उम्म सालेम गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, माझ्याशेजारी टेकली. तिला लिहिता-वाचता येत नाही. पाटी दिसली की ती मला वाचायला लावते आणि मी सुरात वाचलं की हसते. तिने त्या रेघांवर बोट ठेवलं.

"काय लिहिलंय गं यावर?"

मी वाचलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मला वाचताही येत होतं आणि कळतही होतं, आणि अर्थ सांगायला शेजारी कुणी लागत नव्हतं.

"आमची आहे," मी म्हटलं. "कुणाला सापडली, तर आमच्या घरी आणून द्या."